सर्वांसाठी आरोग्यसेवेची हमी: सरकारी आश्वासन कसे पारखावे

सरकारने प्रत्येकाला आरोग्यसेवेची हमी द्यावी का, या प्रश्नावर मत बनवण्यापूर्वी समोरच्या प्रस्तावात हमी नेमकी कशाची आहे, ते शोधावे. ‘सर्व उपचार’ असे शब्द आढळल्यास सावध व्हावे, कारण सरसकट सर्व उपचार कोणत्याच सरकारला परवडत नाहीत. कॅनडाच्या १९८४ च्या आरोग्य कायद्यात डॉक्टरांची आणि रुग्णालयातील सेवा येते. रुग्णालयाबाहेर घ्यावयाची औषधे येत नाहीत. थायलंडने २००२ मध्ये सर्वांसाठी योजना आणली तेव्हा डायलिसिस तीत नव्हते, ते २००८ मध्ये आले. काय मिळणार नाही हे उघडपणे सांगणारा प्रस्ताव अधिक विश्वासार्ह मानावा.

त्यानंतर पैसा कोणाकडून आणि केव्हा घेतला जाणार, ते पाहावे. जर्मनीने १८८३ मध्ये कामगार व मालक यांच्या वर्गणीवर आजारपणाचा विमा उभारला, तर ब्रिटनने १९४८ मध्ये मुख्यतः करांच्या आधारे मोफत सेवा सुरू केली. तेथेही चार वर्षांच्या आत कवळ्या, चष्मे आणि औषधांच्या चिठ्ठ्या यांवर शुल्क आले. विमा ऐच्छिक ठेवला की निरोगी माणसे बाहेर राहतात आणि कंपन्या आजारी माणसे टाळतात. म्हणूनच सर्वांना सामावून घेण्याची सक्ती कोणीतरी करावी लागते, आणि ती सरकारलाच शक्य आहे. हमीच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा माझ्या मते हाच आहे. दयाबुद्धीचे आवाहन त्यापुढे दुबळे ठरते.

सर्वाधिक वेळ मात्र नकाराच्या नियमांवर द्यावा. दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेचे २७ वे कलम प्रत्येकाला आरोग्यसेवा मिळवण्याचा हक्क देते, पण राज्याचे कर्तव्य उपलब्ध साधनांपुरते मर्यादित ठेवते. मूत्रपिंडे निकामी झालेला एक रुग्ण खासगी उपचारांत पैसे संपल्यावर सरकारी रुग्णालयात गेला. तेथे डायलिसिसची यंत्रे अपुरी होती, आणि जे बरे होऊ शकतील किंवा ज्यांच्यावर प्रत्यारोपण शक्य आहे अशांनाच ती देण्याचा नियम होता. हृदयविकारामुळे हा रुग्ण त्यात बसला नाही. तातडीचे उपचार कोणालाही नाकारता येत नाहीत, असे हेच कलम सांगते. पण दीर्घकालीन आजारावरील नियमित उपचार म्हणजे तातडीचे उपचार नव्हेत, असे सांगून तेथील घटनात्मक न्यायालयाने १९९७ मध्ये त्याची मागणी फेटाळली, आणि त्यानंतर लवकरच तो मरण पावला. हमी पोकळ असते याचा पुरावा म्हणून विरोधक हे प्रकरण मांडू शकतात, आणि त्यातील वेदना नाकारता येत नाही. तरीही निवडीचे निकष ठरलेले होते आणि न्यायालयाला ते तपासता आले. पैसे नाहीत म्हणून खासगी दारातून परत पाठवलेल्या माणसाला एवढीही दाद मागता येत नाही.

म्हणून प्रस्तावात तीन गोष्टी लेखी आहेत का, ते तपासावे: निवडीचे निकष, प्रतीक्षेची कमाल मुदत आणि तक्रार ऐकणारी स्वतंत्र यंत्रणा. त्या नसतील, तर हमीला पाठिंबा असूनही त्या मसुद्याला विरोध करावा आणि दुरुस्ती लेखी सुचवावी.