कंद काढायची घाई

मुलुंड-भांडुपच्या सोसायट्यांमधल्या गच्च्या आणि बाल्कन्यांतल्या बागा मी सांभाळते. या कामात नव्याने आलेली मुलं हिवाळ्यात एकच विचारतात, ‘ताई, गुलछडी पिवळी पडायला लागली, कंद काढू का?’ थांबा. पहिल्या वर्षी मी थांबले नव्हते. कुंडीत पानं लोळायला लागली, काकू म्हणाल्या, ‘शी, कसं दिसतंय’, आणि मी हिरवी पात कापून ऐंशी कंद उपसले, नळाखाली चकाचक धुतले, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून माळ्यावर टाकले. एप्रिलमध्ये गाठ सोडायच्या आधी वासच आला. धड उरले अकरा.

निफाडच्या मावशीला सांगितलं तर ती हसली. ‘कांदा कोणी असा कोंडतं का गं?’ तिच्याकडे माना पडल्याशिवाय काढणी नाही. कांदा पातीसकट शेतातच वाळवतात, मग थोडी मान ठेवून पात कापतात, सावलीत सुकवून कांदाचाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरतात. चाळीला खालून आणि बाजूने वारा. माझं सगळं शिक्षण त्या एका फोनवर झालं म्हणा ना.

फूल गेलं तरी पान कामावर असतं, खाली कंद भरत असतो. चेंडूसारख्या लाल फुलाची फुटबॉल लिली मे-जूनमध्ये फुलते, पावसाळाभर हिरवी राहते आणि हिवाळ्यात माना टाकते. तेव्हा पाणी तोडायचं. पान आपोआप वाळलं की खुरपं लांबून घालायचं, कारण जखमी कंद आधी नासतो. माती हातानेच झटकायची, धुवायची नाही. आठ-दहा दिवस सावलीत वर्तमानपत्रावर पसरायचे. अंगठ्याने दाबून मऊ लागला तर फेकायचा. मी लिटरभर पाण्यात 2 ग्रॅम बाविस्टीन हे बुरशीनाशक घालून त्यात अर्धा तास बुडवून पुन्हा सुकवते (हातमोजे घालून!). मग कांद्याच्या जाळीच्या पिशवीत, हवेशीर कोपऱ्यात टांगायचे. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, पेनाची शाई दमटपणात फुटते.

गुलछडीचा एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, त्याची पिल्लं फुलतात. 2 सेंटीमीटरच्या वरचे फुलासाठी ठेवायचे, बारके वेगळ्या कुंडीत वाढवायचे. लागवड एप्रिल-मेमध्ये, जोराचा पाऊस येण्याआधी.

आणि ट्युलिप. कोणीतरी कंद आणतं, कुंडीत एकदा फूल येतं, मग ‘पुढच्या वर्षासाठी जपून ठेव ना’. श्रीनगरला ते जमतं, कारण तिथे थंडी आहे. ट्युलिपला साधारण तीन महिने 9 अंशांच्या खालचा गारवा लागतो, आपल्याकडे जानेवारीच्या पहाटेही तेवढा नसतो. फ्रिजमध्ये ठेवता येतात, पण सफरचंद-केळ्यांपासून लांब, कारण पिकत्या फळातल्या इथिलीन वायूने आतली कळी मरते. एवढं करूनही इथल्या उन्हात कंद पुन्हा नीट भरत नाही. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगा, नंतर बोलणी बसतात.

एक राहिलंच. फुटबॉल लिली आणि डॅफोडिलचे कंद विषारी असतात, आणि दिसतात थेट कांद्यासारखे. माझी जाळीची पिशवी एका वर्षी स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगलेली होती. आईने पोह्यांसाठी एक चिरायलाही घेतला होता. ‘हा कांदा डोळ्यांना लागत कसा नाही?’ म्हणून तिने मला हाक मारली.