चार-पाच जणांनी मिळून जत्रा-नाटकांवर लिहायचं तर

जत्रेतलं नाटक पहाटे पाच-साडेपाचला संपतं, दहीकाला होतो, माणसं कानटोप्या घट्ट करून चहाच्या टपरीवर उभी राहतात आणि तिथे जे बोलणं चालतं ना, ती खरी समीक्षा. "राजाचा गाणा बरा, पण मेल्याक तलवार धरूक येयना." "आज पेटयेन गाणा खाल्लान." एक वाक्य, आणि विषय संपला. पण तीच माणसं घरी जाऊन झोपून उठली की स्टेटसला काय टाकतात, तर 'अप्रतिम सादरीकरण, सर्व कलाकारांचे अभिनंदन', खाली सात हात जोडलेले. टपरीवरचं बोलणं हवेत जातं आणि लिहिलेलं उरतं ते हे असलं.

आम्ही कुडाळच्या बाजूचे पाच जण गेले तीन सीझन दशावतार (जत्रेतलं ते रात्रभराचं नाटक), डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना), गावची हौशी नाटकं असं जे बघतो त्यावर मिळून लिहितो. लिहिलेलं वाचनालयाच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर लावतो आणि पीडीएफ ओळखीच्यांना जाते. दोन-तीन गावांतून विचारणा झाली की आम्हालाही असं करायचंय, कसं करायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

आधी माणसं. सगळे लेखक गोळा करू नका, हे पहिलं. लेखक-लेखक जमले की नाटक राहतं बाजूला आणि एकमेकांच्या ओळी सुधारत बसतात. आमच्यात एक शाळामास्तर आहेत, एक टेम्पोवाला आहे जो स्वतः भजनात पखवाज वाजवतो, एक कॉलेजची पोरगी, एक शिवणकाम करणाऱ्या काकी आणि मी. काकींनी आजवर एक पान स्वतः लिहिलेलं नाही, पण राणीचं लुगडं कसं नेसवलंय आणि त्यामुळे नटाची चाल का बिघडली हे त्यांच्याशिवाय कुणाला दिसलं नसतं. टेम्पोवाला टाइप करत नाही, व्हॉइस नोट पाठवतो, पोरगी उतरवून काढते (व्हॉइस टायपिंगच्या नादाला लागू नका, मालवणीची पार वाट लावतं ते). मुंबईतला एखादा चाकरमानीही घ्या, तो गणपतीला आणि शिमग्याला येतोच, आणि त्याने तिकडे इतर नाटकं बघितलेली असतात, तुलना करायला बरा पडतो. चार-पाच जण बास. दहा झाले की कुणीच लिहीत नाही, सगळ्यांना वाटतं दुसरा लिहील.

मग कशावर लिहायचं ते ठरवा, आणि कमी ठरवा. आपल्याकडे काय कमी आहे का? कार्तिकापासून जत्रांचे दशावतार, शिमग्यात रत्नागिरीकडे नमन-खेळे, गणपतीत जाखडी आणि शक्ती-तुऱ्याचे सामने, भजनाच्या डबलबाऱ्या, वर राज्य नाट्य स्पर्धा. सगळं घ्यायला गेलात तर दुसऱ्या महिन्यात बंद पडाल. पहिल्या वर्षी एकच प्रकार धरा, तोही एसटी किंवा बाईकने रात्री जाऊन सकाळी परत येता येईल एवढ्याच अंतरातला.

आता बघायचं कसं, यावर जरा जास्त लिहितो कारण इथेच माझी फजिती झालेली आहे.

पहिल्या सीझनला मी एका जत्रेला गेलो, आख्यान, म्हणजे त्या रात्रीची कथा, माझ्या माहितीचं, आधी दोनदा बघितलेलं, थंडी मरणाची आणि दुसऱ्या दिवशी ड्युटी, म्हणून अडीच वाजता उठून घरी आलो. लिहिताना शेवटाबद्दल दोन ओळी ठोकून दिल्या की अंतिम युद्धप्रसंग नेहमीप्रमाणे रंगला. फळ्यावर लावलं, आणि संध्याकाळी टपरीवाला सगळ्यांसमोर म्हणतो, "काय रे, ता युद्ध तू स्वप्नात बघलंस काय?" झालं होतं असं की त्या रात्री राक्षसाचं काम करणाऱ्याचा आवाज बसला, तर त्यांनी युद्ध काढूनच टाकलं, नारदाला आत आणला आणि पंधरा मिनिटं नुसत्या संवादावर प्रकरण मिटवलं. लोक सांगत होते त्या सीझनमधला तो सगळ्यात भारी प्रवेश होता. आणि मी घरी गोधडीत.

दशावतारात हे नेहमीच होऊ शकतं कारण लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेलं असतं, कोण कुठलं काम करणार हे रंगपटात ठरतं, पण वाक्यं तिथल्या तिथे उभी राहून बोलायची. त्यामुळे 'हे आख्यान मी बघितलंय' या वाक्याला काही अर्थच नाही, तुम्ही ती रात्र बघितलीत का एवढाच प्रश्न. तेव्हापासून आमचा नियम, एका नाटकाला किमान दोघं जायचं, आणि जो उठून गेला त्याने उठण्याच्या वेळेपर्यंतचंच लिहायचं. तसं सरळ लिहूनही टाकायचं, 'मी अडीचला निघालो, पुढचं दुसऱ्याने लिहिलंय'. वाचणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही.

खिशात छोटी वही ठेवा. मोबाईलवर नोट्स काढू नका, अंधारात तुमचं तोंड उजळतं आणि मागचे शिव्या घालतात. वहीत मत लिहायचं नाही, दिसलं-ऐकलं ते लिहायचं, बाजूला वेळ. 'संकासुर सव्वाबारा. पाण्याच्या टाकीवरून बोलला, सरपंच हसले, दोन मिनिटांनी हसायचे थांबले.' एवढं पुरतं. (संकासुर म्हणजे गावावर टोमणे मारणारं विनोदी पात्र.) पूर्वरंगात, म्हणजे मुख्य कथेआधीच्या भागात, बरेच जण चहाला उठतात, तुम्ही उठू नका. गणपती, सरस्वती, संकासुर आणि त्याची भटजीबरोबरची खेचाखेची यातच कंपनीचा दम कळतो, आणि त्या गावात सध्या कशावरून वाजलंय तेही कळतं.

लिहायला बसलात की एकच युक्ती आहे. 'अप्रतिम', 'जिवंत', 'मंत्रमुग्ध', 'उत्तम साथसंगत' हे शब्द आम्ही बंद केलेत, कुणी वापरला तर त्याने चहा पाजायचा. सुरुवातीला टेम्पोवाल्याचा सोडून सगळ्यांचा खिसा रिकामा झाला. उदाहरण देतो. पोरीने आधी लिहिलं होतं, 'राणीच्या भूमिकेतील कलाकाराने हृदयस्पर्शी अभिनय केला.' मास्तरांनी विचारलं, हृदयाला कधी स्पर्श झाला, नेमका? ती वही चाळत बसली आणि मग हे लिहिलं: 'राणी मुलाचं प्रेत बघून लगेच रडत नाही. खाली बसते, त्याचा धुळीने माखलेला पाय पदराने पुसते, एक पुसून झाला की दुसरा. पेटी थांबलेली. पखवाजवाला हात उचलून बसलेला. दुसरा पाय पुसून झाल्यावर ती पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे बघते.' आता यात कुठेच 'छान' नाही, आणि ज्याने नाटक बघितलं नाही त्यालाही कळतं की त्या माणसाने काय काम केलं. ते वाचून त्या कलाकाराने स्वतः निरोप पाठवला की पाय पुसण्याचं त्याचं त्यालाही लक्षात नव्हतं.

वाईट लिहितानाही हेच. 'गायन सुमार' लिहिलंत तर भांडण होईल, 'वरच्या पट्टीत तीनदा आवाज फुटला आणि तिन्ही वेळा पेटीने सावरून घेतलं' लिहिलंत तर वाद घालायला जागाच उरत नाही, आणि पेटीवाल्यालाही त्याचं श्रेय मिळतं.

लेखन जमा करायला गूगल डॉक पुरतं. एकाने कच्चं लिहायचं, बरोबर गेलेल्याने त्यात भर घालायची, आणि जो नाटकाला गेलाच नव्हता अशा तिसऱ्याने वाचायचं. हा तिसरा महत्त्वाचा, त्याला चित्र दिसलं नाही म्हणजे लिखाण कच्चं आहे. सजेशन मोडमध्येच दुरुस्त्या करा, दुसऱ्याची ओळ परस्पर खोडली की मन दुखावतं, आमच्यात यावरून दोन आठवडे अबोला झालेला आहे. संवाद जसे बोलले तसे मालवणीतच ठेवा, प्रमाण मराठीत आणलेत की संकासुराचा जीव जातो. फक्त एकदा ठरवा की कुठला शब्द कसा लिहायचा, आम्ही 'सांगल्यान' आणि 'सांगलान' यावर एक अख्खी संध्याकाळ घालवली आणि शेवटी दोन्ही चालतील असं ठरवून घरी गेलो.

एकमत करायच्या फंदात पडू नका. ट्रिकसीनवरून आमच्यात सरळ दोन पार्ट्या आहेत. मास्तर म्हणतात धूर आणि लाईट आले आणि नटाच्या गळ्यातली ताकद गेली, पोरगी म्हणते तुम्ही म्हातारे आहात, समोर चारशे पोरं जागी बसलीयेत ती ट्रिकसीनमुळेच. आम्ही दोन्ही मतं शेजारी-शेजारी लावली, खाली ज्याचं त्याचं नाव. त्या पानाला जेवढे वाचक मिळाले तेवढे कशालाच नाहीत. नाव मात्र प्रत्येक लेखाखाली हवंच. 'आमचा गट' अशी सही करून टीका करणं म्हणजे कुंपणाआडून दगड मारणं, गावात ते कुणी विसरत नाही.

आता सगळ्यात नाजूक भाग. कोकणात परका माणूस असतोच कुठे? पेटीवाला कुणाचा तरी मामा, आयोजक कुणाचा तरी मेहुणा, आणि नायिका करणारा आपल्याच वर्गात होता. नातं असेल तर त्याने लिहायचं नाही, दुसऱ्याला पाठवायचं, गट करण्याचा मोठा फायदा हाच. दुसरा कुणी नसेल तर पहिल्याच ओळीत सांगून टाकायचं की 'पखवाजवाले माझे चुलते आहेत'. आणि सत्कार! तुम्ही लिहिता हे कळलं की मध्यंतरात माइकवरून नाव पुकारतात, वर बोलावून शाल-श्रीफळ देतात. शाल खांद्यावर घेऊन दुसऱ्या दिवशी 'गाणं फसलं' लिहायला काय छाती लागते ते बघा करून. आम्ही आता आधीच सांगतो, नारळ देवाचा म्हणून घेतो, शाल नको. तिकीट असेल तिथे तिकीट काढतो. पैसे सगळ्यांनी महिन्याला थोडे-थोडे काढायचे, त्यात पेट्रोल, चहा आणि प्रिंटआउट भागतात.

कायद्याचं थोडं, कारण कुणीतरी घाबरवायला येतंच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे, समीक्षेसाठी एखाद्या कृतीतला भाग योग्य तेवढा वापरायला त्यात मोकळीक आहे, म्हणजे चार ओळी उद्धृत केल्यात तर चोरी होत नाही, अख्खं गाणं छापलंत तर ते मात्र वेगळं. फोटो दुसऱ्याने काढला असेल तर त्याला विचारा आणि नाव द्या. प्रयोगाचं रेकॉर्डिंग कंपनीला विचारल्याशिवाय करू नका, प्रयोग करणाऱ्याचे स्वतःचे हक्क असतात आणि त्यांचं पोटही त्यावर आहे. अब्रुनुकसानीचं कलम पूर्वी भारतीय दंड संहितेत ४९९ होतं, आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे, आणि दोन्हीकडे लोकांसमोर सादर केलेल्या कामाच्या गुणदोषांवर प्रामाणिकपणे दिलेलं मत अपवादात बसतं. 'राजा कमी पडला' हे मत झालं. 'राजा पिऊन आला होता' हा आरोप झाला, तो वास आला तरी लिहायचा नाही. छापील अंक ठरावीक काळाने काढणार असाल तर २०२३ चा नियतकालिक नोंदणीचा कायदा आधी एखाद्या वकिलाकडून समजून घ्या, फळ्यावरच्या पानाला आम्हाला आजवर कुणी विचारलेलं नाही. आणि शाळेच्या गॅदरिंगमधल्या पोरांवर नावानिशी टीका करायची नाही, हे कायद्यात नसलं तरी.

चूक झाली तर दुरुस्ती त्याच फळ्यावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. माझ्या त्या युद्धाची दुरुस्ती महिनाभर लागली होती, टपरीवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. कुणी रागावून आला तर ग्रुपवर भांडू नका, जाऊन भेटा, त्याचं म्हणणं लिहून घ्या आणि ते पण लावा.

पाऊस पडला की जत्रा बंद, तेव्हा गट सुस्तावतो. मृगापासून गणपतीपर्यंतचे हे महिने बघायच्या दुसऱ्या गोष्टींसाठी ठेवा. पिंगुळीला जा, ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या बघा, परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा रंगवताना बघायला मिळतात, दशावतारी गंजिफाचे १२० पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, रात्री जे अवतार नाचताना बघितले तेच इथे तळहातावर मावतील एवढ्या गोल पत्त्यावर. राजापूरकडच्या सड्यांवरची (उघड्या कातळी माळांवरची) कातळशिल्पं मात्र पावसाआधीच उरका, शेवाळावरून घसराल. कोकणातल्या अशा नऊ जागा २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत. आम्ही मे महिन्यात गेलो होतो, पाचही जण. काकी त्या जांभ्यात कोरलेल्या माणसाकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्येका पाय असे बाहेर कित्याक काढल्यानी? उभो आसा की झोपलो?" वहीत पहिली ओळ तीच आहे, बाकीचं अजून लिहायचंय.