पल्मनरी हायपरटेन्शनचा इको : या चुका टाळा

‘ईएफ (दर ठोक्याला कप्पा आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो ते) ६० टक्के आहे, म्हणजे हार्ट ठणठणीत!’ एक जिना चढला तरी धाप लागणाऱ्या पेशंटचे नातेवाईक हमखास असं म्हणतात. पण ते साठ टक्के डाव्या कप्प्याचे. फुप्फुसाच्या धमनीत दाब वाढला (हेच पल्मनरी हायपरटेन्शन) की आधी भरडला जातो तो उजवा कप्पा, आणि त्याचा हिशेब ईएफमध्ये नसतो.

टीआर जेटचा, म्हणजे उजव्या कप्प्याच्या झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताच्या झोताचा, वेग सेकंदाला २.८ मीटरच्या वर गेला की संशय घ्यायचा, हे पाठ असतं. जेट नीट सापडलाच नाही तर मात्र ‘दाब नॉर्मल’ लिहून मोकळं होऊ नका. शॉर्ट ॲक्सिसमध्ये, म्हणजे हृदयाच्या आडव्या छेदात, प्रोब स्थिर धरा. डावा कप्पा गोल दिसायला हवा. मधली भिंत चपटी होऊन त्याचा इंग्रजी ‘डी’ झाला असेल, तर उजवीकडून रेटा आहे. फुप्फुसधमनीतला ॲक्सिलरेशन टाइम (रक्ताचा वेग शिखरावर पोहोचायला लागणारा वेळ) १०५ मिलिसेकंदांहून कमी असणं हीसुद्धा खूण आहे.

मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती टॅप्सी (उजवा कप्पा आकुंचन पावताना झडपेची कड किती सरकते ते माप) एकटा वाचण्याची. १७ मिलिमीटरच्या वर म्हणजे नॉर्मल, हे खरं. पण समजा टॅप्सी १८ आहे आणि फुप्फुसधमनीतला सिस्टोलिक (आकुंचनाच्या वेळचा) दाब ६० मिमी पारा. टॅप्सीला दाबाने भागलं की येतं ०.३०. हा आकडा ०.५५ च्या खाली जाणंच संशयास्पद, ०.३२ च्या खाली धोका बराच वाढतो. म्हणजे रिपोर्टात ‘नॉर्मल’ छापलेला तो कप्पा ओझ्याखाली वाकलेला असतो. शक्य असेल तिथे फ्री वॉल स्ट्रेनही (उजव्या कप्प्याची बाहेरची भिंत किती टक्के आखडते ते) काढा (२० टक्क्यांहून कमी असेल तर बिघाड समजावा), आणि पुढच्या वेळी त्याच मशीनवर, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही. इकोत चित्र धूसर असेल तर एमआरआय करा. उजव्या कप्प्याचं आकारमान त्यातच सर्वांत नेमकं मिळतं.

आणि ‘दाब उतरला, बरं झालं’ असं जेटचा वेग कमी झाला एवढ्यावरून सांगू नका. थकलेल्या उजव्या कप्प्याला जोर लावता येईनासा झाला की जेटचा वेग आपोआप पडतो.

आपल्याकडे इकोवरच ‘माइल्ड पीएएच’ (फुप्फुसधमन्यांच्याच आजाराने वाढलेला दाब) लिहून देतात. इको फक्त शक्यता सांगतो. पल्मनरी हायपरटेन्शनचं निदान राइट हार्ट कॅथेटरने (शिरेतून उजव्या हृदयात नळी घालून दाब मोजून) होतं, फुप्फुसधमनीतला सरासरी दाब २० मिमी पाऱ्याच्या वर असेल तर. त्याआधीच सिल्डेनाफिल हे पीएएचचं औषध सुरू करू नका. दाबाचं मूळ डाव्या हृदयात असेल, तर पीएएचची औषधं त्यासाठी नसतात.