वजनाच्या ऑपरेशननंतर कोकणातल्या घरी

वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर हॉस्पिटलातून हातात मिळणारा आहाराचा कागद शहरातल्या माणसासाठी छापलेला असतो. त्यात ओट्स असतात, ब्रोकोलीचं सूप असतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरात मात्र पेज असते, कालवण असतं आणि दारात आलेल्याच्या हातात गूळपाणी असतं. त्या कागदाचा इथल्या स्वयंपाकघरात मेळ कसा घालायचा, त्याबद्दल हे लिहिलं आहे. तुमच्या सर्जनने एखादी गोष्ट वेगळी सांगितली असेल तर त्यांचंच ऐका, कारण आतली शिवण त्यांनी पाहिलेली असते.

आधी माप समजून घ्या. स्लीव्ह ऑपरेशनमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी, १०० ते १५० मिलीची. बायपासमध्ये (हृदयाचा नव्हे, जठराचा) जठराच्या वरच्या टोकाची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात. ती जेमतेम ३० मिलीची असते. घरातली आमटीची वाटी साधारण १५० मिलीची. ती भरून वाढली तर पहिल्या महिन्यात ते जेवण नाही, संकट आहे. म्हणून चटणीची छोटी वाटी आणि चहाचा चमचा तुमच्या नावानं वेगळा काढून ठेवा, आणि घरातल्या वाढणाऱ्या माणसाला ते नीट सांगून ठेवा.

पाणी

पहिल्या महिन्यात लोक परत हॉस्पिटलात जातात ते बऱ्याचदा पाणी कमी पडल्यामुळे. दिवसाला दीड ते दोन लिटर लागतं, आणि एकदम काही पिता येत नाही. हिशोब असा: दर पाच मिनिटांनी १५ मिली, म्हणजे तासाला १८० मिली. असं नऊ-दहा तास केलं की पावणेदोन लिटरच्या आसपास होतं. अर्ध्या लिटरच्या बाटल्या भरून ठेवा, म्हणजे किती संपलं ते डोळ्यांना दिसतं. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात घाम वाळत नाही, पण पाणी जातच असतं. लघवी गडद पिवळी झाली किंवा दिवसभरात तीनदाच झाली तर पाणी कमी पडतंय.

तांब्या उंच धरून घशात ओतायची सवय सोडावी लागेल. तसं पिताना हवाही गिळली जाते आणि छातीत कळ येते. सोडा, कोल्ड्रिंक नकोच.

काय प्यायचं? साधं पाणी, पातळ ताक, आमसूल भिजवून चिमूटभर मिठाचं बिनसाखरेचं पाणी. बाजारातलं कोकम सरबत म्हणजे साखरेचा पाक, ते नाही. शहाळं घोट-घोट चालतं, पण त्यात साखर आहे आणि प्रथिनं जवळपास नाहीत. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्यातल्या पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारूनच घ्या. सोलकढी पथ्याची वाटते खरी, पण नारळाच्या दुधात चरबी असते. दोन महिने थांबा.

जेवताना पाणी नाही. जेवणाआधी आणि नंतर अर्धा-अर्धा तास सोडायचा. इथे एक चोरवाट आहे: भातावर भरपूर आमटी ओतून भुरकणं. ते पटकन खाली उतरतं, पोट भरल्याचं कळत नाही आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. सहा महिन्यांनंतर वजनाचा काटा अडला की आधी या सवयीकडे बघा.

पेजेचा सापळा

आजारी माणसाला पेज, ही रीत चांगलीच आहे, पण या ऑपरेशनला ती अपुरी पडते. उकड्या तांदळाची पेज म्हणजे बहुतांश पाणी आणि पिष्ट. एवढीशी पिशवी तिनं भरली की प्रथिनांना जागाच उरत नाही. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं जायला हवीत. ती कमी पडली की शरीर चरबीबरोबर स्नायूही झिजवतं आणि पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढताना मांड्या थरथरतात.

टप्पे साधारण असे असतात. पहिले काही दिवस गाळलेलं पातळ: पेजेवरची निवळ, डाळीचं पाणी, गाळलेलं चिकनचं सूप. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटापर्यंत दूध, ताक, पातळ नाचणीचं सत्त्व आणि डॉक्टरांनी दिलेली प्रथिनांची पावडर. ही पावडर पेजेत घालायची असेल तर पेज कोमट होऊ द्या, उकळत्यात तिच्या गुठळ्या होतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं, पाचव्या-सहाव्यात मऊ, आणि सात-आठ आठवड्यांनी नेहमीचं जेवण, अर्थात छोट्या वाटीत. वाटून घ्यायच्या टप्प्यात कुळथाची पिठी उत्तम. पातळ, गुठळी नसलेली, लसूण कमी, मिरची नाही, कोकम नावाला.

साधारण तिसऱ्या महिन्यापासूनचा एका दिवसाचा हिशोब बघा. दोन अंडी १२ ग्रॅम, १०० ग्रॅम मासा १८, दोन पेले दूध १३, कुळथाचं ३० ग्रॅम पीठ ६, ५० ग्रॅम पनीर ९, छोटी वाटी दही ३. झाले ६१. हे पाच-सहा वेळांत विभागून बसतं, तीन वेळांत बसत नाही. त्याआधीच्या आठवड्यांत तूट पावडरीनं भरून काढायची.

मासे

इथे मात्र कोकणातल्या माणसाचं नशीब चांगलं. मऊ आहाराच्या टप्प्यावर माशासारखं दुसरं काही नाही. मुडदुशी, पापलेट, ओले बोंबील यांपासून सुरुवात करा. दोन बोटांएवढा तुकडा, हळद, मीठ, एक आमसूल आणि तुकडा बुडेल इतकंच पाणी. झाकण ठेवून सहा-सात मिनिटं मंद आचेवर. मग हातानं मोडायचा, चमच्यानं नाही. मुडदुशीचे काटे बारीक असतात आणि ते बोटांनाच लागतात. काटे काढून तोच रस्सा चमचाभर घालून कुस्करायचा. नारळाचं वाटण पहिले दोन महिने चमच्यापेक्षा जास्त नको, आणि तिखट तर त्याहून उशिरा. स्लीव्ह झालेल्यांना आंबट ढेकर आणि जळजळ जास्त होते.

बांगडा सहाव्या आठवड्यानंतर, काटे काढून, रस्स्यातला. रव्यात घोळून तळलेली तुकडी सगळ्यांत जास्त अडकते, कारण वरचं कवच कोरडं आणि आतला मासा सुकलेला. कोळंबी, तिसऱ्या, माकुल रबरासारखे लागतात, त्यांना तीन महिने थांबवा.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत ताजा मासा दुर्मीळ होतो. तेव्हा अंडी, पनीर, कुळीथ, भिजवून वाटलेले सोयाचे गोळे यांवर भर द्या. जवळा, सुकट प्रथिनांनी भरलेले असतात, पण मीठही तितकंच. वीस मिनिटं पाण्यात भिजवा, ते पाणी फेका, मग चमचाभर जवळा अंड्यात घाला. रक्तदाब असेल तर आठवड्यातून एखाद्याच वेळी.

अडकतं तेव्हा

पाव, घावणे, आंबोळी तोंडात मऊ लागतात आणि आत जाऊन पुन्हा पिठाचा गोळा होतात. मोकळा भात फुगतो. फणसाच्या भाजीतले आणि शेवग्याच्या शेंगेतले दोरे नीट चावले नाहीत तर जठरात त्यांचा गोळा बनू शकतो.

अडकलं की छातीच्या मधोमध दाबल्यासारखं होतं, तोंडात पांढरी फेसाळ लाळ सुटते, घास वर येईल असं वाटतं. घरचे लगेच पाण्याचा पेला पुढे करतात. घेऊ नका, त्या पाण्याला खाली जायला वाटच नसते. उठा, अंगणात सावकाश फेऱ्या घाला, लाळ थुंकत राहा. बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात सुटतं. तीन-चार तास झाले आणि स्वतःची लाळही गिळता येत नसेल तर सर्जनला फोन.

हे टाळायचं तर घास चण्याएवढा, वीस-पंचवीस वेळा चावून, आणि जेवण वीस-पंचवीस मिनिटं. आधी मासा किंवा अंडं, मग भाजी, शेवटी जागा उरली तर दोन चमचे मऊ भात. पोट भरल्याची खूण पूर्वीसारखी मिळत नाही. नाक वाहू लागतं, उचकी लागते, नाहीतर एकदम मोठा सुस्कारा निघतो. तो घास शेवटचा. पुढचा घेतला की उलटी होणारच.

मोदक, पालखी आणि 'लाजू नको'

बायपासवाल्यांनी उकडीच्या मोदकापासून जपावं. सारणातला गूळ सरळ आतड्यात उतरतो. दहा ते तीस मिनिटांत छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात मुरडा येतो, जुलाब होतात. या त्रासाचा दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो. तेव्हा रक्तातली साखर उतरलेली असते, हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. मे महिन्यात घाम तसाही येतो, त्यामुळे घामावरून काही कळत नाही. शेवटचं काय खाल्लं आणि किती वेळ झाला, हे आठवा. गणपतीत इच्छा आवरत नसेल तर जेवण झाल्यावर एक घास, रिकाम्या पोटी कधीच नाही. हापूसचीही तीच गोष्ट: दोन फोडी, जेवणानंतर. आमरसाची वाटी विसरा.

पहिलं वर्ष उपास नकोत. साबुदाण्याची खिचडी चिकट, नुसतं पिष्ट, आणि दिवसभर पोट रिकामं ठेवणं त्याहून वाईट. शिमग्यात पालखीबरोबर फिरताना बाटली खांद्याला हवी.

खरी कसोटी पाहुणचाराची. 'लाजू नको, घे' याला वाद घालून उत्तर नसतं. 'पोटाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी बशीतच खायला सांगितलंय' एवढं वाक्य पाठ करा आणि बशी स्वतः मागून घ्या. ऑपरेशन कसलं, हे सगळ्या वाडीला सांगायची गरज नाही. गूळपाण्यातलं पाणी घ्या, गुळाला बोट लावून नमस्कार करा, कोणी रागावत नाही.

दारू नकोच. बायपासनंतर ती झपाट्यानं चढते. मिश्री, तंबाखू, तपकीर हेही बंद. मिश्रीला लोक व्यसनात धरत नाहीत, पण तीही तंबाखूच, आणि तंबाखूमुळे शिवणीजवळ जखम होते.

गोळ्या

मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, डी३, बी१२ आणि लोह जन्मभर. वजन उतरलं, बरं वाटतंय म्हणून वर्षभरानं बंद करणारे बरेच असतात. बी१२चा साठा हळूहळू संपतो आणि पायाला मुंग्या येऊ लागतात तोवर उशीर झालेला असतो.

कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, पण एका वेळी ५०० ते ६००. पाकिटावर 'सायट्रेट' लिहिलेलं बघून घ्या. तालुक्याच्या दुकानात बऱ्याचदा कार्बोनेट पुढे करतात. ते पचायला जठरातलं आम्ल लागतं आणि तेच आता कमी आहे. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर हवं. चहाबरोबर लोह घेतलं तर वाया गेलं. सकाळी लोह लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियम दुपारी आणि रात्री, अशी वाटणी सोयीची पडते.

मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या जुन्या गोळ्या पूर्वीच्याच प्रमाणात चालू ठेवणं धोक्याचं. साखर पहिल्या आठवड्यापासूनच उतरू शकते. रोज मोजा आणि आकडे डॉक्टरांना कळवा. ज्या गोळीच्या नावापुढे एसआर किंवा एक्सआर (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी) आहे ती कुटून घेऊ नका.

रक्ततपासणी तीन, सहा, बारा महिन्यांनी, मग दरवर्षी. तालुक्याच्या लॅबमध्ये रक्त देऊन रिपोर्ट सर्जनला मोबाइलवर पाठवता येतो, त्यासाठी घाट चढायला नको.

अंग आणि काम

पहिले सहा आठवडे पाच किलोच्या वर उचलायचं नाही. भरलेली कळशी, आंब्याची पेटी, विहिरीचा रहाट, सगळं इतरांवर सोपवा. चालणं मात्र पहिल्या दिवसापासून. आधी सपाट अंगणात, दोन आठवड्यांनी पाखाडी. गावी परतताना गाडी तासा-दीड तासाला थांबवून पाच मिनिटं चाला, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून.

तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात केस मूठभर गळतात. प्रथिनं आणि लोह नीट असतील तर ते परत येतात, महागडं तेल नको. बोटं बारीक होतात: अंगठी समुद्रावर जायच्या आधी काढून ठेवा. लोंबत्या कातडीच्या घडीत पावसाळ्यात नायटा होतो. घडी टिपून कोरडी करा, मऊ सुती कापडाची घडी आत ठेवा. दुकानदाराच्या सल्ल्यानं स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावलं की नायटा आणखी चिवट होतो. बायकांनी बारा ते अठरा महिने दिवस राहू देऊ नयेत. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर भरवसा नको, दुसरं साधन विचारा.

पाकिटातला कागद

गावातला डॉक्टर पोटदुखीला गॅस समजून डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन देऊ शकतो. म्हणून एका कागदावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून ठेवा: ऑपरेशनची तारीख आणि प्रकार, सर्जनचा नंबर, 'डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन नको', 'उलट्या चालू असतील तर आधी थायमिन (बी१), मग ग्लुकोज', 'नाकातून नळी अंदाजानं घालू नये'.

नाडी १२० च्या वर टिकून राहणं, ताप, न थांबणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात कळ, धाप, एका पोटरीला सूज, डांबरासारखी काळी शी, चोवीस तास पाणीही न टिकणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन. बायपासवाल्यांना दोन-तीन वर्षांनीही अचानक पोटात पीळ पडल्यासारखं दुखलं तर आतडं अडकलेलं असू शकतं. तिथे सीटी स्कॅनची सोय असलेलंच हॉस्पिटल लागतं. पावसात घाट बंद असेल तर कुठलं, हे जूनच्या आधी विचारून ठेवा. कागदाची एक प्रत शेजारच्या घरी द्या, कारण ऐन वेळी फोनला रेंज नसते.