धंद्याचं आर्थिक उद्दिष्ट कसं ठरवावं: अंबडच्या एका खोकेवाल्याची पद्धत

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत चहाच्या टपरीवर दोन कारखानदार भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "यंदा टर्नओव्हर किती?" मीही बरीच वर्षं याच आकड्यामागे धावलो. माझा धंदा द्राक्षं भरायच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. एका हंगामात आजवरची सगळ्यात मोठी विक्री झाली, आणि त्याच फेब्रुवारीत क्राफ्ट पेपरच्या (खोक्याच्या जाड तपकिरी कागदाच्या) गाडीचे पैसे द्यायला खात्यात रक्कम नव्हती. ऑर्डरी हातात, मशीन चालू, आणि कागदवाला गाडी रिकामी करू देईना. शेवटी बायकोच्या बांगड्या गहाण ठेवल्या, तेव्हा कागद आत आला. विकलेल्या मालाचे पैसे सगळे उधारीत अडकले होते.

तेव्हापासून मी वर्षाचं उद्दिष्ट लागणाऱ्या पैशापासून सुरू करतो. विक्रीचा आकडा सगळ्यात शेवटी येतो. धंदा खोक्यांचा असो, चिवड्याचा असो की मेनरोडवरच्या कापडाचा, पद्धत हीच चालते.

आधी महिन्याचा न चुकणारा खर्च काढा

एक खोकंही विकलं नाही तरी जे द्यावंच लागतं, ते एका कागदावर लिहा. समजायला सोपे म्हणून आकडे गोल धरतो. गाळ्याचं भाडं 45,000, सहा कामगारांचे पगार 1,20,000, लाइट बिल 25,000, कर्जाचा हप्ता 55,000, सीए, विमा आणि दुरुस्ती मिळून 15,000. आणि घरखर्च 60,000. घरखर्च बहुतेक जण लिहीतच नाहीत. "लागेल तसे गल्ल्यातून घेतो" म्हणतात, आणि वर्षअखेरीला नफा कुठे गेला ते कळत नाही. मालकाचा पगार लिहा आणि तेवढाच घ्या.

बेरीज 3,20,000. वर्षाचे 38,40,000.

मग एका नगामागे काय उरतं ते पाहा

खोकं 40 रुपयांना विकलं. कागद, डिंक, शाई, पिना, वाहतूक मिळून 31 रुपये गेले. उरले 9. हे 9 रुपये न चुकणाऱ्या खर्चाकडे जातात. 38,40,000 भागिले 9, म्हणजे साधारण 4,27,000 खोकी विकली की ना नफा ना तोटा.

आता तुम्हाला काय हवंय ते त्यात मिळवा. समजा, जुन्या मशीनच्या बदलीसाठी आणि अडचणीच्या दिवसांसाठी वर्षाला 6 लाख बाजूला टाकायचे आहेत. खर्च झाला 44,40,000 आणि खोकी साधारण 4,93,000, म्हणजे सुमारे 1 कोटी 97 लाखांची विक्री. हे झालं उद्दिष्ट. आयकराची रक्कम सीएला विचारून यात वेगळी धरा.

याच कागदावर आणखी एक गणित करून ठेवा, माझ्या मते सगळ्यात मोलाचं तेच आहे. गिऱ्हाईक म्हणतं, "शेठ, एक रुपया कमी करा, मोठी ऑर्डर देतो." एक रुपया सोडला की उरतात 8. तेच 6 लाख मागे टाकायला आता 5,55,000 खोकी लागतात, म्हणजे 62,000 जास्त. कागद महागून खर्च दोन रुपयांनी वाढला, तर लागतात 6,34,000. हे आकडे समोर असले की भाव करताना माणूस भावनेच्या भरात हो म्हणत नाही.

रोख पैशाचं उद्दिष्ट वेगळं लिहा

बायकोच्या बांगड्या गहाण गेल्या त्या इथेच. जानेवारी ते मार्च महिन्याला 30 लाखांची विक्री धरा. त्यात माल आणि वाहतुकीचे 23,25,000. कागदवाल्याला 15 दिवसांत द्यायचे आणि पॅकहाऊसवाल्याकडून (द्राक्षं खोक्यांत भरून पाठवणाऱ्याकडून) 60 दिवसांनी यायचे, तर मधले 45 दिवस पैसा आपल्या खिशातला. म्हणजे जवळपास 35 लाख. एवढं कॅश क्रेडिट (बँकेकडून लागेल तसं उचलायचं कर्ज) किंवा स्वतःची रक्कम नसेल, तर 30 लाखांच्या ऑर्डरी घेऊच नका.

उलट, उधारी 60 दिवसांवरून 45 वर आणली, तर साडेअकरा लाखांहून जास्त मोकळे होतात. म्हणून "उधारी 45 दिवसांच्या आत" हे माझ्या भिंतीवर विक्रीच्या आकड्याच्या वर लिहिलंय. कायदाही पाठीशी आहे. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघुउद्योगाच्या मालाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर 15. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. शिवाय 2023-24 पासून मुदतीत न दिलेली आणि वर्षअखेरीलाही बाकी राहिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्यासाठी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या आणि तो क्रमांक बिलावर छापा. भांडण न करता काम होतं.

आकडा बाहेरून कशानं हलतो

नाशकात पहिलं नाव पावसाचं. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर (द्राक्षवेलीची फळासाठीची छाटणी) अवकाळी झाला, की माझं जानेवारीचं उद्दिष्ट तिथेच खाली येतं. म्हणून मी वर्षाचा आकडा दोनदा ठरवतो, एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा छाटणीनंतर.

दुसरं, सरकारी निर्णय. 22 सप्टेंबर 2025 पासून खोक्यांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आणि क्राफ्ट पेपरवरचा 12 वरून 18. खोक्यामागे 26 रुपयांचा कागद धरला, तर आपण भरतो 4 रुपये 68 पैसे आणि वसूल करतो 2 रुपये. हंगामात महिन्याला 75,000 खोकी गेली, तर दोन लाख जीएसटीच्या क्रेडिटमध्ये, म्हणजे जास्तीचा भरलेला कर म्हणून सरकारकडे, साचतात. परतावा मिळतो, पण तो हातात येईपर्यंतची सोय रोखीच्या उद्दिष्टात धरावीच लागते. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हाही असंच. लासलगावला भाव पडला की चांदवड-पिंपळगावच्या दुकानदाराचा गल्लाही आटतो, त्यानं कांदा विकलेला नसला तरी.

व्याजदराचं सांगायचं तर 2025 मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना कर्ज देते तो) 6.50 टक्क्यांवरून 5.25 वर आला. तेवढीच घट तुमच्या 35 लाखांच्या कॅश क्रेडिटला लागली, तर पूर्ण वापरावर वर्षाला सुमारे 44,000 वाचतात. आपला दर खरंच उतरला का, हे बँकेत जाऊन विचारा.

आणि कुंभमेळा. 2015 नंतर आता 2027. पंचवटीतल्या हॉटेलवाल्यांनी, दुकानदारांनी मोठी विक्री जरूर धरावी, पण ती वेगळ्या पानावर. त्या गर्दीच्या भरवशावर कायमचं भाडं आणि दहा वर्षांचा हप्ता अंगावर घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

घरात बसून एकमत करा

मोठ्या कंपनीत भागधारक असतात, आपल्याकडे भाऊ आणि वडील असतात. आमच्याकडे धाकट्याला सिन्नरला दुसरं युनिट हवं होतं, वडिलांना कर्ज नको होतं. दोघांचंही खरं होतं. कागद मध्ये ठेवून ठरलं: आधी तीन महिन्यांचा न चुकणारा खर्च, म्हणजे 9,60,000 रुपये, मुदत ठेवीत; ते झाल्यावर सिन्नरचं बघू. वर्षाला 6 लाख मागे पडले, तर त्याला एकोणीस-वीस महिने लागतात. धाकट्यानं ती तारीख स्वतःच्या हातानं कॅलेंडरवर लिहिली. दर महिन्याच्या पाच तारखेला आम्ही तिघं बसतो आणि तीनच आकडे बघतो: नगामागे उरलेले रुपये, उधारीचे दिवस, ठेवीतली रक्कम.