सातपूरच्या यंत्रातील मेमरीची गळती

सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात यंत्रांच्या नोंदी ठेवणारा लिनक्स संगणक दर चार दिवसांनी मेमरी संपून बंद पडत असे. रोज रात्री तो रीस्टार्ट करावा, हा सल्ला मला मान्य नव्हता. कोणताही प्रोग्रॅम फुगलेला नव्हता. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःसाठी किती मेमरी घेतो ते दाखवणाऱ्या स्लॅबटॉपमध्ये मात्र २५६ बाइटच्या मेमरी-तुकड्यांची संख्या चढतच होती, म्हणजे गळती (घेतलेली मेमरी परत न होणे) कर्नलमध्येच होती. २००९ पासून कर्नलसोबत येणारे केमेमलीक हे गळती शोधणारे साधन चालू करून कर्नल पुन्हा कंपाइल केल्यावर सेन्सर हाताळणाऱ्या आमच्या ड्रायव्हरमधील एका फंक्शनचे नाव समोर आले: सेन्सरने वेळेत उत्तर दिले नाही, की ते केमॅलॉकने घेतलेली जागा केफ्रीने परत न करताच बाहेर पडत असे. त्रुटीच्या सर्व वाटा गोटू ही कोडमध्ये उडी मारणारी आज्ञा वापरून सफाईच्या, म्हणजे जागा परत करणाऱ्या, एकाच लेबलपाशी आणल्यावर तुकड्यांचा तो आकडा स्थिरावला.