पेडलवर पाय ठेवण्याआधी

रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, फेलोशिपला लागले तेव्हा मला लेसर मारायची घाई होती. सीनियर मॅडमनी पहिला महिनाभर लेसर सोडायच्या पेडलला पायच लावू दिला नाही. रोज जुनी अँजिओग्राफी, म्हणजे रंग टोचून काढलेले पडद्यातल्या रक्तवाहिन्यांचे फोटो, समोर ठेवायच्या आणि विचारायच्या, "फोव्हियाचा मध्य दाखव." फोव्हिया म्हणजे पडद्याची सर्वात स्पष्ट दिसणारी मधली जागा. पडद्याखाली रक्त आणि पाणी साचलं की तो मध्य भल्याभल्यांना सापडत नाही. नवीन येणाऱ्यांनी आधी हेच शिकावं.

कारण साधं आहे. पडद्याखाली उगवलेलं रक्तवाहिन्यांचं जाळं गरम लेसरने जळतं, पण त्यासोबत वरचा पडदाही जळतो आणि तिथे कायमचा काळा डाग राहतो. म्हणून १९७९ साली सुरू झालेल्या 'मॅक्युलर फोटोकोअ‍ॅग्युलेशन स्टडी'त आर्गॉन लेसर मध्यापासून किमान २०० मायक्रॉन (०.२ मिलिमीटर) दूर असलेल्या जाळ्यांवर आधी तपासला होता. फायदा दिसला, तरी वयामुळे मॅक्युला (फोव्हियाभोवतीचा पडद्याचा मधला भाग) झिजलेल्या निम्म्याहून जास्त डोळ्यांत जाळं परत आलं. आज बहुतेकांना आधी डोळ्यात इंजेक्शनच देतात.

तरी लेसर शिकाच. पॉलिपॉयडल प्रकारात, म्हणजे जाळ्याच्या टोकांना फुगे येतात तेव्हा, फोटोडायनॅमिक थेरपी (औषध आणि उजेड मिळून केलेला उपचार) अजून लागते. व्हर्टेपोर्फिन हे उजेडाने काम करू लागणारं औषध १० मिनिटांत शिरेतून सोडायचं आणि सुरुवातीपासून १५ मिनिटांनी ६८९ नॅनोमीटरचा थंड लेसर द्यायचा. नेहमीच्या मात्रेत तो ८३ सेकंद चालतो. काँटॅक्ट लेन्स हातात धरून हलणाऱ्या डोळ्यामागे ८३ सेकंद जाणं फार लांब वाटतं, तेव्हा कोपराखाली आधार घ्या. आणि सुई शिरेतच आहे ना, हे स्वतः बघा. औषध बाहेर झिरपलं तर त्या जागेला उजेड अजिबात लागू द्यायचा नाही. एरवीही पेशंटने ५ दिवस ऊन टाळायचं असतं.

माझी एक चूक अजून सलते. एका आजोबांना मध्यापासून दूरच्या जाळ्यावर गरम लेसर दिला. पुढच्या अँजिओग्राफीत गळती पूर्ण थांबलेली, मी खूश. ते म्हणाले, "वाचताना ओळीतली दोन अक्षरं नाहीशी होतात. आधी सांगितलं असतंत तर मी तयार राहिलो असतो." डाग राहणार हे मी संमतिपत्रावर सही घेताना भरभर बोलून गेले होते.

आता मी कागदावर डोळा काढून डाग कुठे पडेल ते दाखवते, मग सही घेते. घरी जाताना अ‍ॅम्स्लरचा चौकटींचा तक्ता देते: चष्मा लावून, एक डोळा झाकून, रोज बघायचा. रेषा वाकडी दिसली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता यायचं.